वेळ मिळाला तर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम इथे ड्यूक विद्यापीठ आहे. १९६०च्या दशकात तिथे कार्ल आयझडॉर्फर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ वृद्धांच्या शिकण्यावर प्रयोग करत होते. प्रयोगाची रीत साधी होती. साठी ओलांडलेल्या पुरुषांना शब्दांची यादी ठरावीक वेगाने दाखवायची आणि पुढचा शब्द कोणता ते सांगायला लावायचं. तरुणांपेक्षा त्यांची कामगिरी कमी भरायची, आणि ते अपेक्षितही होतं. पण चुकांची छाननी केल्यावर वेगळंच काही दिसलं. ही माणसं चुकीचे शब्द फारसे सांगत नव्हती. ती गप्प राहत होती. दोन शब्दांमधला वेळ थोडा वाढवला, की अडलेली बरीच उत्तरं बाहेर यायची.

मग त्यांचं रक्त तपासलं गेलं. माणूस आतून अस्वस्थ झाला की साठवलेल्या चरबीतून मेदाम्लं सुटून रक्तात येतात. त्यांचं प्रमाण पाहिलं की शरीर किती सावध झालंय याचा अंदाज येतो. वरवर शांत बसलेल्या या मंडळींच्या रक्तात ते प्रमाण चढलेलं होतं आणि काम संपल्यावरही लवकर उतरत नव्हतं. तेव्हा आयझडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना प्रोप्रॅनोलॉल दिलं. अ‍ॅड्रेनलिनमुळे हृदयाची धडधड वाढते, ती हे औषध रोखतं. १९७० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: ज्यांना औषध मिळालं त्यांच्या चुका कमी झाल्या.

प्रयोग छोटा होता. त्याच्या एकट्याच्या भरवशावर फार मोठं काही म्हणता येत नाही, आणि शिकण्यासाठी वृद्धांना औषधं द्यावीत असा त्याचा अर्थ तर मुळीच नाही. पण त्याने उभा केलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपण जे वयाच्या खात्यावर मांडतो, त्यातलं खरोखर वयाचं किती आणि घाईचं, धास्तीचं किती?

या प्रश्नाला पुढेमागे इतर संशोधकांनीही हात घातला. १९६३ मध्ये रॉबर्ट कॅनेस्ट्रारी यांनी तरुणांना आणि वृद्धांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. कधी वेग बाहेरून ठरवलेला, कधी ज्याचा त्याने ठरवायचा. वेग आपल्या हाती आल्यावर वृद्धांना सर्वांत जास्त फायदा झाला. तरुणांशी असलेलं अंतर पूर्ण मिटलं नाही, पण बरंच कमी झालं. २००१ मध्ये तमारा रहाल आणि लिन हॅशर यांनी तर फक्त सूचनेचे शब्द बदलून पाहिले. लोकांना काही विधानं ऐकवायची, त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते सांगायचं, आणि नंतर तेच त्यांना विचारायचं. ‘ही स्मरणशक्तीची चाचणी आहे’ असं बजावून सांगितलं तेव्हा वृद्ध मागे पडले. स्मरणशक्तीचं नावही न काढता तेच काम दिलं, तेव्हा फरक दिसेनासा झाला. ‘आता तुमची परीक्षा’ एवढं ऐकूनच वयस्क माणसाचं निम्मं लक्ष स्वतःवर पहारा देण्यात जातं, असा याचा अर्थ मी लावतो. हॅशर यांच्याच गटाने १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती: बहुतेक वृद्धांचं डोकं सकाळी सर्वांत चांगलं चालतं, आणि कॉलेजच्या मुलांचं दिवस कलल्यावर. चाचणी सकाळी घेतली तर दोन वयांतलं अंतर थोडं, उशिरा दुपारी घेतली तर मोठं.

म्हणजे वयाने काहीच होत नाही का? होतं. ते नाकारून वृद्धांचं भलं होत नाही.

सर्वांत आधी घटतो तो वेग. विशी-तिशीनंतर मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग हळूहळू उतरत जातो. टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने याचा परिणाम फार नेमका मांडला. विचार म्हणजे अनेक पायऱ्या. पहिल्या पायरीवर मिळालेलं उत्तर मनात धरून दुसरी चढायची असते. पायऱ्या चढायला वेळ लागला, तर हातातलं आधीचं उत्तर तोवर विरून जातं. ओंजळीत पाणी घेऊन सावकाश चालणाऱ्याचं पाणी वाटेतच गळावं तसं. म्हणून बँकेतल्या तरुण कर्मचाऱ्याने एका दमात सांगितलेल्या पाच सूचनांपैकी तिसरीलाच आजोबा अडकतात. त्यांना पाचही समजल्या असत्या, पण एकेक करून. अनोळखी कोडी सोडवणं, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणं, नावं चटकन आठवणं, हे सगळं या वेगाशी बांधलेलं आहे.

दुसरीकडे जे साठत गेलेलं असतं ते टिकतं, वाढतंही. शब्दसंपदेत साठीतही भर पडते. माणसांची पारख, आपल्या धंद्यातली समज, कशानंतर काय होतं याचे आडाखे यांचंही असंच. रेमंड कॅटेल यांनी या दोन प्रकारच्या बुद्धी वेगळ्या करून दाखवल्या: एक नव्या अडचणीशी तिथल्या तिथे झुंजणारी, दुसरी आयुष्यभर साचलेली. वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये सुरू केलेला अभ्यास दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासत राहिला. त्यातून कळलं, की साठीच्या आधी बहुतेक क्षमतांमध्ये फारशी मोठी घट होत नाही. आजच्या सत्तरीच्या माणसाची तुलना आजच्या पंचविशीच्या माणसाशी केली की घट फार भयंकर दिसते. त्यातला एक भाग वयाचा नसून शाळेचा असतो, कारण पुढच्या पिढ्या अधिक शिकलेल्या असतात. आपल्याकडे ही गोष्ट जास्तच ध्यानात घ्यायला हवी. ज्या आजीने शाळेचा उंबरठाच पाहिला नाही, तिची तुलना पदवीधर नातीशी करून आपण वयाविषयी काय सिद्ध करणार?

आता ताणाकडे वळू. ताण आला की शरीरात दोन लाटा उठतात. पहिली अ‍ॅड्रेनलिनची, काही सेकंदांतली. दुसरी कॉर्टिसॉलची, मिनिटामिनिटाने चढत जाणारी आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचणारी. हे कॉर्टिसॉल मेंदूत नेमकं कुठे जातं, याचा महत्त्वाचा धागा १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या हाती लागला. उंदरांतलं त्याच्याच जातकुळीचं संप्रेरक उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसत होतं. नवी आठवण तयार व्हायला हाच भाग लागतो. ताणाचं रसायन थेट शिकण्याच्या जागी पोचतं, हे तेव्हा पहिल्यांदा ठोसपणे दिसलं. थोडा ताण इथे मदतच करतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं, की सोपं काम धाकाने लवकर शिकलं जातं; अवघड कामाला मात्र धाक मध्यम लागतो, वाढला की शिकणं बिघडतं. पाढे ओरडून घोकून घेता येतात. भूमितीचा अवघड रायडर ओरडून सुचत नाही.

कपाळामागचा मेंदू, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, या बाबतीत सर्वांत हळवा आहे. थांबणं, तोलणं, ‘हे खरंच असं आहे का’ असं स्वतःला विचारणं ही त्याची कामं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं, की हाताबाहेरच्या ताणात या भागात डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन इतकं वाढतं, की तिथल्या पेशींमधले दुवे तात्पुरते निकामी होतात. मग सूत्रं जुन्या, जलद यंत्रणांकडे जातात. पोर्तुगालमधल्या मिन्हो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बराच काळ ताणाखाली ठेवलेले उंदीर पोट भरलेलं असूनही खाण्यासाठी कळ दाबतच राहिले. विचार बाजूला पडला होता, सवय तेवढी चालू होती.

आपल्या देशातलं या विषयावरचं काम जगभर वाचलं जातं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सहकाऱ्यांसह, उंदरांना रोज काही तास जखडून ठेवलं आणि मेंदूतल्या पेशींच्या फांद्या मोजल्या. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडतात, पण भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालातल्या फांद्या उलट फोफावतात. ताणाने मेंदू सरसकट झिजतो, ही समजूत इथे मोडली. तो एकीकडे विसरायला शिकतो आणि दुसरीकडे घाबरायला. ताण थांबवल्यावर तीन आठवड्यांनीही अमिग्डालातली वाढ ओसरलेली नव्हती. पुढे २००५ मध्ये त्याच गटाने एकदाच, फक्त दोन तास ताण देऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी काही नाही. दहा दिवसांनी मात्र अमिग्डालात पेशींचे नवे सांधे फुटलेले आणि उंदीर अधिक धास्तावलेले. उंदरांवरून माणसावर उडी मारताना जपूनच राहायला हवं. तरीही, मोठा धक्का बसलेला माणूस पहिल्या दिवशी ‘बरा’ दिसतो आणि दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा दचकून उठू लागतो, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना हा प्रयोग परका वाटणार नाही.

वय आणि ताण यांची गाठ पडते ती याच हिप्पोकॅम्पसमध्ये. कॉर्टिसॉल पुरे झालं, आता थांबवा, हा निरोप देण्यात त्याचाही वाटा असतो. तो दुबळा झाला की निरोप क्षीण होतो आणि कॉर्टिसॉल रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं कॉर्टिसॉल त्यालाच आणखी दुबळं करतं. कॅनडात माँट्रियल इथे सोनिया ल्युपिएन यांनी काही निरोगी वृद्धांचं कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं मोजलं. १९९८ मध्ये त्यांनी नोंदवलं: ज्यांचं कॉर्टिसॉल वर्षागणिक चढत गेलं होतं आणि चढंच राहिलं होतं, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सुमारे १४ टक्के लहान भरला आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही ते मागे पडले. इतरही वृद्धच होते. त्यांचं वय झालं होतं, पण कॉर्टिसॉल चढलेलं नव्हतं. आणि ही वाट एकाच दिशेची नाही. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला; नुसते ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्याच काळात थोडा घटला.

ताण फक्त म्हाताऱ्यांचं डोकं अडवतो असं कुणी समजू नये. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तपासणी संशोधकांनी दोनदा केली: एकदा ऊस तुटायच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा पैसे हातात आल्यावर. २०१३ मध्ये आलेल्या या अभ्यासात तीच माणसं पैसे आल्यावर कोडी अधिक चांगली सोडवताना आणि कमी चुका करताना दिसली. चार महिन्यांत त्यांची बुद्धी वाढली नव्हती. तिच्यावरचा भार उतरला होता. कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं बिल कधी जमा होतं याकडे डोळे लावून बसलेल्या घरांना हे कुणी समजावून सांगायला नको. कर्जाच्या कागदावर सही करण्याचे बरेच प्रसंग मात्र नेमके त्याच महिन्यांत येतात.

मग भावना बाजूला ठेवून निर्णय घ्यावा, असं सांगितलं जातं. हा सल्ला मला घातक वाटतो, आणि त्याला कारण आहे. न्यूरॉलॉजिस्ट अंतोनियो दामासिओ यांच्याकडे एक रुग्ण आला होता. त्यांनी त्याला एलियट हे टोपणनाव दिलं. मेंदूतली गाठ काढताना त्याच्या कपाळामागच्या भागाला इजा झाली होती. बुद्ध्यांक उत्तम, स्मरण उत्तम, बोलणं मुद्देसूद. पण त्याची नोकरी गेली, धंदा बुडाला, संसार मोडला, आणि हे सगळं तो तिऱ्हाइताची हकिकत सांगावी तसा सांगायचा. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि म्हणूनच त्याला काही ठरवता येत नव्हतं. क्षुल्लक कामातही पर्यायांची चर्चा तो तासन्‌तास करू शकायचा.

आयोवा विद्यापीठात दामासिओ यांच्या गटातल्या अंतोइन बेशारा यांनी यावर पत्त्यांचा एक खेळ रचला. चार गठ्ठे, दोनांत मोठी कमाई पण त्याहून मोठा दंड, दोनांत बेताची कमाई आणि हलका दंड. निरोगी माणसांच्या तळहाताला वाईट गठ्ठ्याकडे हात नेतानाच घाम सुटू लागतो. हे गठ्ठे वाईट का, ते त्यांना अजून सांगताही येत नसतं, तरी हात मागे वळू लागतो. एलियटसारख्या रुग्णांना तो घाम कधी सुटलाच नाही. ‘मन घेत नाही’ असं एखादी अनुभवी बाई म्हणते, तेव्हा ती तर्क सोडून बोलत नसते. पूर्वीचे शंभर व्यवहार तिच्या शरीराने लक्षात ठेवलेले असतात.

वयाबरोबर भावनाही बदलतात, आणि हा बदल बराचसा चांगला आहे. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलं, की पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं की माणूस नवी माहिती गोळा करण्यापेक्षा जवळच्या नात्यांना आणि मनाच्या समाधानाला महत्त्व देतो. वृद्ध लोक तरुणांपेक्षा चांगल्या गोष्टी अधिक लक्षात ठेवतात, भांडणं लवकर सोडून देतात. निर्णयातही त्यांचं काही बिघडतंच असं नाही. अमेरिकेतल्या कर्जदारांच्या व्यवहारांवर २००९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात व्याज, शुल्क, कार्ड यांतल्या पैशाच्या चुका सर्वांत कमी करणाऱ्यांचं वय सरासरी ५३च्या आसपास निघालं: डोक्याचा वेग अजून पुरेसा आणि अनुभव भरपूर. त्यापुढे मात्र चुका पुन्हा वाढू लागतात. चांगल्याकडे वळलेल्या नजरेची एक किंमतही आहे. २०१२ मध्ये शेली टेलर यांच्या गटाने चेहरे दाखवून विचारलं, हा माणूस भरवशाचा वाटतो का. तरुणांना जे चेहरे खटकले, त्यांतले बरेच वृद्धांना ठीक वाटले. तळहाताचा तो इशारा काहींच्या बाबतीत मंदावतो.

शिकण्यासाठी वयस्क माणसाला काय लागतं, याचं मला आवडणारं उदाहरण ठाणे जिल्ह्यात आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या, गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. मघाच्या प्रयोगांप्रमाणे सकाळ बरी. पण सकाळी शेत आणि चूल असते, मन मोकळं होतं ते दुपारी, आणि माझ्या मते मोकळं मन घड्याळापेक्षा महत्त्वाचं. पोथी वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, हा हेतू त्यांचा स्वतःचा. सोबतीला सगळ्या सारख्याच नवख्या, म्हणून लाज नाही. नापास होण्याची भीती नाही. आयझडॉर्फर जे औषध देऊन साधू पाहत होते, ते इथे वर्ग कसा भरवला यातूनच बरंचसं साधलं. मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना आपण घरात नेमकं उलट करतो: फोन हातातून घेतो, भराभरा बटणं दाबतो आणि विचारतो, ‘कळलं ना?’

आणि याच मोबाइलवर उलट्या बाजूने काम करणारी माणसंही बसलेली आहेत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीत पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्याचा व्हिडिओ कॉल येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, आता लगेच पैसे ‘तपासणीसाठी’ पाठवायचे. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये याविषयी सावध केलं होतं; भारतीय कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. लोक हळहळतात, ‘एवढे शिकलेले असून कसे फसले?’ इथे आतापर्यंत जे पाहिलं ते मनात ठेवलं तर ते कोडं उरत नाही. भीती घालून कपाळामागचा मेंदू गप्प केला जातो. एकामागून एक सूचना देऊन सावकाश विचार करणाऱ्याला पुढची पायरी चढूच दिली जात नाही. कायदा पाळण्याची आयुष्यभराची सवय तेवढी चालू राहते. आणि ज्या बायकोला किंवा मुलाला विचारल्यावर दोन मिनिटांत धागा सुटला असता, त्यांच्यापासून तोडलं जातं. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं, की चिडवलेल्या किंवा हुरळवलेल्या वृद्धांचा फसव्या जाहिरातीतली वस्तू विकत घेण्याकडे कल वाढतो. राग असो की आनंद, मन पेटलेलं असणं पुरेसं होतं.

इथे एक फरक सांगणं भाग आहे. फोनवर घाबरून पैसे पाठवणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पण वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवणारा माणूस तेच बिल दोनदा भरू लागला, नेहमीचं पासबुक त्याला उमगेना, सुट्टे पैसे मोजता येईनात, आणि तेही निवांत असताना, वेळ देऊनही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. डिमेन्शियात पैशाचे व्यवहार बऱ्याचदा लवकर बिघडतात.

बाकीच्यांसाठी घरात आधीच काही गोष्टी ठरवता येतात. खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते याची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्यायची. नव्या खात्यावर पैसे पाठवायचे तर रात्र मध्ये जाऊ द्यायची. अशा वेळी कुणाला फोन करायचा ते नाव ठरलेलं असावं. एवढं करूनही कुणी फसलं, तर घरच्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा रागाची असते, आणि ती ठाऊक असल्यानेच फसलेला माणूस चार-चार दिवस बोलत नाही. १९३० या सायबर मदतवाहिनीवर मात्र पहिल्या काही तासांतली तक्रारच सर्वांत उपयोगी पडते, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तो गोठवता आला तर येतो. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यावर पैसे गेले ते खातं, रक्कम आणि वेळ हाताशी असावी. ते सापडायला थरथरत्या हातांना जरा उशीर लागतो. शेजारी बसून बँकेचे मेसेज शोधून द्यावेत.